मुखवट्याचं पोर्ट्रेट काढताना या चुका टाळा

मुखवटा भडक असतो, मोठा असतो, नजर खेचतो. त्यामुळे फोटो आपोआप चांगला येईल असं वाटतं. येतो तो मुखवट्याचा फोटो. तो घातलेला माणूस त्यात कुठेच नसतो. चेहरा झाकला की माणूस मान, खांदे, हात आणि डोळ्यांच्या त्या दोन फटींतूनच दिसतो, आणि बहुतेक चुका नेमक्या तिथेच होतात.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते डोळ्यांच्या जागी काळी भोकं दिसल्यामुळे. मुखवटा चेहऱ्याच्या पुढे असतो, डोळे खोलवर जातात आणि डोक्यावरून येणाऱ्या उजेडाची सावली भोकाच्या कडेवरून थेट बुबुळावर पडते. भर दुपारी रंकाळ्यावर असा फोटो काढून बघा, डोळे सापडणार नाहीत. आतून स्पंजचे जाड तुकडे लावले असतील तर ते पातळ करा, म्हणजे मुखवटा चेहऱ्याला टेकेल. जुन्या वाड्याच्या दारात, उंबऱ्याच्या थोडं आत माणसाला बसवा, तोंड बाहेरच्या मोकळ्या आभाळाकडे. छातीच्या खाली थर्माकोलची पांढरी शीट धरा. बुबुळात उजेडाचा ठिपका चमकला की माणूस जागा होतो. डोळे दाखवायचेच नसतील तर मात्र ते पूर्ण काळे ठेवा. अर्धवट दिसणारे डोळे चुकीसारखेच दिसतात.

फोकसची गडबड याच्याच शेजारची. कॅमेऱ्याचं आय-ऑटोफोकस, म्हणजे आपोआप डोळा शोधणारा फोकस, रंगवलेल्या डोळ्यावर बसतं, नाहीतर चेहराच न सापडून भरकटतं. ८५ मिमी लेन्सने दीड मीटरवरून एफ/१.८ ला, म्हणजे लेन्सचं तोंड खूप उघडं ठेवून, फोटो काढला तर फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात जेमतेम ३ सेंटिमीटर खोली धारदार येते. मुखवट्याचं नाकच त्याहून लांब असतं! तोंड बारीक करून एफ/५.६ ला नेलं की तीच खोली १० सेंटिमीटरच्या आसपास जाते. आय-ऑटोफोकस बंद करा, एकच फोकस पॉइंट निवडा आणि तो भोकातल्या खऱ्या डोळ्यावर ठेवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मुखवट्याचा भाव बदलत नाही, असं धरून माणसाला ताठ, समोर बघत उभं केलं जातं. जपानी नो नाट्यातले नट याच्या अगदी उलट वागतात. लाकडी मुखवटा किंचित वर उचलला की तो उजळतो, त्याला ते तेरासु म्हणतात. किंचित झुकवला की त्यावर मळभ येतं, ते कुमोरासु. सगळी करामत उजेड आणि मानेच्या कोनाची. म्हणून मुख्य उजेड डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर ठेवा, खालची शीट तशीच राहू द्या आणि नुसतं "हनुवटी जरा खाली घे की," एवढंच सांगत एकाच जागेवरून चार-सहा फ्रेम घ्या. तोच मुखवटा एका फ्रेममध्ये रुसलेला आणि पुढच्या फ्रेममध्ये खट्याळ दिसेल.

हातांना काम द्या. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात राल्फ यूजीन मीटयार्ड हे फोटोग्राफर होते, पेशाने चष्म्याचे व्यावसायिक. १९७२ साली ते वारले. घरच्यांना आणि मित्रांना दुकानातले साधे मुखवटे घालून ते अंगणात, पडक्या घरात फोटो काढत. चेहरे झाकलेले असल्यामुळे त्यांच्या फोटोंत शरीराची ठेवणच बोलते. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हारमध्ये फोटोग्राफर गौरी गिल यांनी २०१५ पासून कागदी लगद्याचे मुखवटे घातलेल्या माणसांचे फोटो काढले, तेही रोजच्या कामात गुंतलेल्या माणसांचे. तुम्हीही कुणाला भाजी निवडायला बसवा, सायकल पुसायला सांगा. पोझ आपसूक सुटते.

एक्सपोजर दोन्ही बाजूंनी फसतं. पांढऱ्या मुखवट्याने फ्रेम भरली की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला करडा करतो, एक्सपोजर +१ ने वाढवा. तोच मुखवटा पंचगंगेच्या घाटावर काळ्या दगडासमोर लांबून टिपला की मीटर दगड उजळवायला जातो आणि मुखवटा जळतो, म्हणजे नुसता पांढराफट्ट होतो. तिथे उणेकडे जा किंवा फक्त मुखवट्यावरचा उजेड मोजणारं स्पॉट मीटरिंग वापरा. आणि घाटाच्या पायऱ्यांवर माणसाला आधी बसवा, मुखवटा नंतर चढवा. भोकांतून पायाखालचं दिसत नाही.

व्हार्निशची चमक लेन्सवर लावायच्या पोलरायझर फिल्टरने कमी होते. पितळी मुखवट्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण धातूची चमक तो छाटू शकत नाही. पितळासमोर मोठी पांढरी चादर आणा, म्हणजे त्यात तीच दिसेल.

गौरी-गणपतीतल्या गौरीचा मुखवटा कुणाच्याही तोंडावर चढवू नका. ती देवी आहे, प्रॉप नाही. तो विषय घ्यायचाच असेल तर गणपतीच्या आधी कुंभार गल्लीत जा आणि रंगवणाऱ्याचं पोर्ट्रेट करा. तिथली नेहमीची चूक म्हणजे मोबाइल अगदी जवळ नेणं: हातातला मुखवटा परातीएवढा आणि मागचा माणूस इवलासा येतो. दोन पावलं मागे सरा, २एक्स लेन्स घ्या. ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब दोन्ही चालू असतील तर शाडूचा रंग कुठे हिरवट, कुठे पिवळा येतो. विचारून एक बंद करून घ्या. डोळ्यांची आखणी चालू असताना फ्लॅश मारू नका, बोलूही नका. बारीक कुंचल्याची ती रेघ एकदा हलली की परत सगळं पुसावं लागतं.

शेवटी मोबाइलचं सेटिंग तपासा. ब्यूटी मोड कुंचल्याचे फटकारे गुळगुळीत करून टाकतो आणि पोर्ट्रेट मोड मुकुटाची टोकं पार्श्वभूमी समजून धूसर करतो. दोन्ही बंद ठेवा आणि मागची भिंत माणसापासून लांब राहील अशी जागा निवडा.