मेटलसाठी इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप बदलताय? आधी ब्रिजचा बदला

पिकअप म्हणजे तारांचं कंपन टिपणारा चुंबक आणि कॉइल. डिस्टॉर्शनचा (फाटलेल्या, खरखरीत आवाजाचा) टोन बराचसा ब्रिज पिकअपवर, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात त्याच्या जवळच्या पिकअपवर ठरतो, पैसे तिथेच घाला. हंबकरच (दोन कॉइलचा पिकअप) घ्या, सिंगल कॉइल जास्त गेनवर (अँपवर डिस्टॉर्शन वाढवलं की) गुणगुणते. नुसता रोधाचा किलोओहममधला आकडा बघून आउटपुट ठरवू नका: कॉइलच्या बारीक तारेनेही रोध वाढतो, आवाज वाढेलच असं नाही. चुंबक बघा. सिरॅमिक घट्ट आणि धारदार, पाम म्यूटला (तळहाताने तारा दाबून वाजवायला) उत्तम. अल्निको ५ जरा मोकळा, रॉकला जास्त शोभतो. फ्लॉइड रोझ (तारा लॉक करणारा हलता ब्रिज) असेल तर पिकअपच्या पहिल्या ते सहाव्या पोलचं (तारेखालच्या खुंटीचं) अंतर ५१ ते ५३ मिमी हवं. पॅसिव्ह (बॅटरी न लागणाऱ्या) हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे बदलते रोध) लावा. २५० चे असतील तर ट्रेबल दबतो. बसवल्यावर तार शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) दाबून पिकअप आणि तारेत साधारण २ मिमी अंतर ठेवा, पुढचं कानाने जुळवा.