धडा मोठ्याने समजावून सांगण्याची रीत

धड्याचा एक भाग वाचून झाला की पुस्तक मिटावे आणि समोर कोणी बसले आहे असे समजून तो मोठ्याने सांगावा. घरात अहिराणी बोलत असतील, तर खुशाल अहिराणीत सांगावा. पुस्तकातली पाठ वाक्ये तिथे आयती हाताशी नसतात, त्यामुळे अर्थ पकडूनच बोलावे लागते.

द्वीपकल्पावरील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जात असताना तापी पश्चिमेकडे का वाहते, हा प्रश्न घ्या. ‘ती खचदरीतून वाहते’ एवढे उत्तर परीक्षेत कदाचित चालून जाईल. पण अमळनेरच्या घरात शेजारी बसलेला धाकटा भाऊ ‘खचदरी म्हणजे काय?’ असे विचारतो, तेव्हा खरा अभ्यास सुरू होतो. मग उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मध्ये भूकवचाच्या भेगांदरम्यान खचलेला पट्टा, असे बोटाने जमिनीवर रेघा ओढत सांगावे लागते. जिथे जीभ अडखळते किंवा ‘ते तसं असतं ना’ असे मोघम बोलले जाते, तिथे पेन्सिलीने खूण करून तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचावा. सगळा धडा पहिल्यापासून वाचणे म्हणजे निव्वळ वेळ दवडणे होय.

मिशेलिन ची या मानसशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रक्ताभिसरणावरील उताऱ्याचे प्रत्येक वाक्य स्वतःला समजावून सांगणाऱ्या आठवीच्या विद्यार्थ्यांना, तो नुसता दोनदा वाचणाऱ्यांपेक्षा अधिक उमगला होता.

सनावळ्या मात्र अशा पाठ होत नाहीत. त्या घोकाव्याच लागतात.