प्रीमेडला कुठल्या सेमिस्टरला किती विषय घ्यायचे

अमेरिकेत कॉलेजला लागलेल्या पोरांचा पहिल्याच रजिस्ट्रेशनला एक प्रश्न ठरलेला असतो, प्रीमेड (म्हणजे पुढे मेडिकल स्कूलला जायची तयारी) करायचंय तर सेमिस्टरला क्रेडिट (प्रत्येक विषयाला दिलेलं वजन) किती घेऊ, १५ की १८? माझं म्हणणं, क्रेडिटवर फार जाऊच नका, तो आकडा कॉलेजला डिग्रीच्या हिशोबाला लागतो, तुमचा आठवडा कसा जाणार ते त्यातून काही कळत नाही. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची लॅब बऱ्याच ठिकाणी फक्त १ क्रेडिटची असते, आणि त्या एका क्रेडिटपायी दुपारचे तीन-चार तास उभं राहायचं, त्याआधी प्री-लॅब लिहायची, नंतर रिपोर्ट. उलट ३ क्रेडिटचा सोशिऑलॉजीचा क्लास कधीकधी त्याहून कमी वेळात उरकतो. म्हणून तास मोजा.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, प्रीमेड हा बहुतेक कॉलेजांत मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) नसतोच. मेजर इतिहास घ्या, संगीत घ्या, कॉम्प्युटर सायन्स घ्या, मेडिकल स्कूलला ठरावीक विषय झालेले हवेत एवढंच. ते विषय साधारण असे: वर्षभर बायोलॉजी, वर्षभर जनरल केमिस्ट्री, वर्षभर फिजिक्स, तिन्ही लॅबसकट, मग ऑर्गॅनिक केमिस्ट्री (कुठे वर्षभर, कुठे एकच सेमिस्टर), एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, थोडं इंग्लिश किंवा रायटिंग, आणि गणितात बहुतेक ठिकाणी स्टॅटिस्टिक्स किंवा कॅल्क्युलस. २०१५ पासून एमकॅटमध्ये (मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत) सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा वेगळा सेक्शन आहे, त्यामुळे त्या दोन्हींचा एकेक इन्ट्रो क्लास घेतलेला बरा. प्रत्येक स्कूलची यादी थोडी वेगळी असते, ती त्यांच्या साइटवरूनच बघायची, सीनियरच्या सांगण्यावरून नाही. एपीच्या (हायस्कूलमध्येच देतात त्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेच्या) मार्कांवर जनरल केमिस्ट्री किंवा बायो सोडायचा विचार असेल तर तेही तिथेच बघून ठेवा, काही स्कूल एपी क्रेडिट धरतात, काही म्हणतात की मग त्याच विषयातला वरचा कोर्स कॉलेजात करून दाखवा.

आता प्लॅनिंग. सगळं टाइमटेबल केमिस्ट्रीवर लटकलेलं असतं. जनरल १, जनरल २, ऑर्गो (ऑर्गॅनिक) १, ऑर्गो २, बायोकेम, ही पाच सेमिस्टरची माळ आहे, पुढचा कोर्स मागच्याशिवाय मिळत नाही, आणि कित्येक कॉलेजात ऑर्गो १ फक्त फॉलमध्येच (ऑगस्ट-डिसेंबरच्या सेमिस्टरला) असतो. म्हणजे पहिल्या फॉलला जनरल केमिस्ट्री नाही घेतली की अख्खं वर्ष सरकतं. पहिल्या फॉलला सुरू केली तर बायोकेम तिसऱ्या वर्षाच्या फॉलला होतं आणि त्यानंतरच्या स्प्रिंगला (जानेवारी-मेच्या सेमिस्टरला) एमकॅट देता येते, बायोकेम झाल्यावर एमकॅट हा क्रम सोडू नका, त्या परीक्षेत बायोकेम भरपूर येतं. बाकीचे विषय या माळेभोवती लावायचे. फिजिक्स कुठेही सरकतं, बायोलॉजी पहिल्या नाहीतर दुसऱ्या वर्षी, सायकॉलॉजी जिथे जागा मिळेल तिथे.

पहिल्या सेमिस्टरला १४-१५ क्रेडिट पुरे. १२० क्रेडिटची डिग्री आठ सेमिस्टरमध्ये करायची तर सरासरी १५च येते, तेव्हा १८ घेऊन कोणाला दाखवायचंय तेच मला कळत नाही. अॅडमिशन कमिटीला ग्रेड दिसतात, आणि १८ क्रेडिट घेतलेत म्हणून बी प्लसला कोणी ए मायनस समजत नाही. अर्थात दर वेळी १२च घेणाराही नजरेत येतो, म्हणून मधूनमधून दोन सायन्स आणि एखादा जड विषय झेपतो हे दिसलेलं चांगलं.

माझा साधा नियम: एका सेमिस्टरला लॅबवाले विषय दोनच, तिसरा नको. दुसऱ्या वर्षाचा फॉल घ्या. ऑर्गो १ (३ क्रेडिट), ऑर्गो लॅब (१), फिजिक्स १ लॅबसकट (४), सायकॉलॉजी (३), रायटिंगचा एक क्लास (३), झाले १४. कागदावर हलकं वाटतं ना? आता याचा मंगळवार बघा. ९ला ऑर्गो लेक्चर, ११ला सायकॉलॉजी, १ ते ५ ऑर्गो लॅब, रिअॅक्शन वेळेत संपली नाही तर साडेपाच, आणि संध्याकाळी फिजिक्सचा ऑनलाइन होमवर्क रात्री ११:५९ला बंद होणार. त्या दिवशी दुसरा कुठलाही अभ्यास होत नाही हे गृहीतच धरा. यात बायोलॉजीची तिसरी लॅब घुसवली तर आठवड्यातली अजून एक दुपार गेली, मग रिसर्च, हॉस्पिटलमधलं व्हॉलंटिअरिंग, शॅडोइंग (डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघणं) हे सगळं शनिवार-रविवारवर येतं, आणि शनिवार-रविवारी झोप काढायची असते. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते हेच. लेक्चरसोबत आठवड्याला अभ्यासाचे किती तास लागतील ते प्रत्येक विषयाचं लिहा, ऑर्गोला ८-१० धरा, बेरीज करा, त्यात रिसर्च, नोकरी, येण्याजाण्याचा वेळ मिळवा. ५०-५५च्या वर गेलं तर एक विषय काढा.

दुसरं काम सिलॅबस हातात आले की लगेच करायचं. सगळ्या विषयांच्या परीक्षांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर टाका. ऑर्गो, फिजिक्स, बायो तिघांच्या मिडटर्म साधारण त्याच त्याच आठवड्यांत येतात आणि हे पाचव्या आठवड्यात कळून काही उपयोग नसतो. पहिल्या आठवडाभरात (कुठे दोन आठवडे) अॅड-ड्रॉप (विषय घ्यायची-सोडायची मुभा) चालू असतं, तेव्हा काढलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर येतच नाही. नंतर काढला तर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे विषय मध्येच सोडल्याची खूण) दिसतो. एखादा डब्ल्यू चालून जातो, त्याने जीपीए (ग्रेडची सरासरी, ए म्हणजे ४, सी म्हणजे २) हलत नाही, पण दर वर्षी एक दिसला तर इंटरव्ह्यूला विचारतात. तरी सी येणार हे स्पष्ट दिसत असेल तर डब्ल्यू बरा. मात्र १२ क्रेडिटच्या खाली गेलात तर फुलटाइम राहत नाही, फायनान्शिअल एडला फटका बसू शकतो, आणि एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय काहीही ड्रॉप करायचं नाही म्हणजे नाही, तिथे प्रश्न स्टेटसचा असतो. त्या १२ मध्ये ऑनलाइनचा एकच क्लास, फार तर ३ क्रेडिट, धरला जातो. एफ-वनवाल्यांनी हेही आधीच बघून ठेवा की इंटरनॅशनल विद्यार्थी घेणारी मेडिकल स्कूल मोजकीच आहेत.

ग्रेडची एवढी कटकट का करतोय? बहुतेक एमडी स्कूलचे अर्ज ज्या अॅमकॅस नावाच्या अर्जसेवेतून जातात ते सायन्सचा जीपीए वेगळा काढतात, बायो, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ मिळून. विषय रिपीट केला तर तुमचं कॉलेज जुनी ग्रेड पुसत असेल, अॅमकॅस पुसत नाही, दोन्ही धरतात. ४ क्रेडिटचा सी आणि मग रिपीटमध्ये ए, तर त्या ८ क्रेडिटची सरासरी ३.० पडते, ४.० नाही. आणि सुरुवातीचा खड्डा भरायला फार वेळ जातो: पहिल्या ६० क्रेडिटला ३.३ असेल आणि पुढचे ६० सगळे ए आले, जे कोणाला येत नाहीत, तरी ३.६५ला पोचता. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७५च्या वर असते. म्हणून पहिलं वर्ष हलकं ठेवा म्हणतोय, हळूहळू वाढवता येतं.

समरला ऑर्गो उरकायचा मोह होतो. पूर्ण वर्षाचा ऑर्गो आठ-दहा आठवड्यांत बसवतात, रोज लेक्चर आणि जवळजवळ रोज लॅब. त्या समरला दुसरं काहीच नसेल तरच घ्या. समरला फिजिक्स किंवा स्टॅटिस्टिक्स टाकणं मला जास्त पटतं.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, रेकमेंडेशन लेटर. बऱ्याच स्कूलना सायन्सच्या दोन प्रोफेसरांची लागतात. तीनशे पोरांच्या जनरल केमिस्ट्रीच्या हॉलमधला प्रोफेसर तुम्हाला ओळखत नाही, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी २०-२५ जणांचा एखादा वरचा बायोचा कोर्स मुद्दाम टाका आणि त्यांच्या ऑफिस अवर्सला जात जा.

आता एमकॅटचं सेमिस्टर. परीक्षेच्या तारखा जानेवारी ते सप्टेंबर असतात, पेपरचेच सव्वासहा तास, ब्रेक धरून साडेसात, रिझल्टला साधारण महिना. अॅमकॅस मे महिन्यात उघडतं आणि बहुतेक स्कूल जसजसे अर्ज येतात तसतशा जागा भरत जातात, म्हणून चौथ्या वर्षानंतर थेट जायचं तर तिसऱ्या वर्षाच्या एप्रिल-मेपर्यंत एमकॅट झालेली हवी. तयारीला लोक ३००च्या आसपास तास धरतात, म्हणजे १५ आठवड्यांत आठवड्याला २०, म्हणजे दोन जड विषय. मग त्या सेमिस्टरला एमकॅट हाच दोन विषयांच्या जागी लिहा आणि बाकी १२-१३ क्रेडिटवर थांबा, लॅब फार तर एक. हे बसत नसेल, केमिस्ट्रीची माळ उशिरा सुरू झाली असेल, तर गॅप इयर (कॉलेज आणि मेडिकल स्कूलच्या मध्ये एक वर्ष) घ्या. आजकाल कितीतरी जण घेतात, आणि मग एमकॅट चौथ्या वर्षाच्या आधीच्या समरला निवांत देता येते, तेव्हा क्लासच नसतात. घरच्यांना गॅप इयर म्हणजे वर्ष वाया असं वाटतं, त्यांना पुढच्या चार सेमिस्टरचा कागद दाखवा, एका बाजूला गॅप इयर घेऊन आणि दुसऱ्या बाजूला न घेता, तास लिहून.