रवांडात मुलांना क्रिकेट शिकवायला जायचंय? तयारी सोलापुरातच सुरू करा

परदेशात जाऊन मुलांना क्रिकेट शिकवायचं आणि खेळता खेळता एचआयव्हीबद्दल बोलायचं, असं काम स्वयंसेवक म्हणून करता येतं हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. ब्रिटनमधली 'क्रिकेट विदाउट बाउंड्रीज' ही संस्था २००५ पासून आफ्रिकेतल्या देशांत हेच करते आहे. अशा कामात इतरही लहान गट आहेत, मी त्यांच्यातल्या एकाबरोबर रवांडाला गेले. पार्क मैदानावर सरावाला येणाऱ्या मुली आणि त्यांचे पालक याबद्दल वारंवार विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, आपण मागासलेल्या लोकांना शहाणं करायला निघालोय ही समजूत इथेच सोडून जा. एचआयव्हीची तपासणी, उपचार आणि विषाणूवर नियंत्रण या तिन्ही बाबतींत ९५ टक्क्यांचं जागतिक उद्दिष्ट गाठणाऱ्या मोजक्या देशांत रवांडा आहे. क्रिकेटमध्येही तसंच. १९९४ च्या नरसंहारानंतर युगांडा-केनियातून परतलेल्या निर्वासितांनी हा खेळ तिथे रुजवला. राजधानी किगालीजवळच्या गहांगा स्टेडियमला पैसे उभे करायला राष्ट्रीय संघाचा कर्णधार एरिक दुसिंगिझिमाना २०१६ मध्ये नेटमध्ये सलग ५१ तास फलंदाजी करत राहिला, आणि २०१७ मध्ये ते मैदान सुरू झालं. जानेवारी २०२३ मध्ये १९ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात रवांडाच्या हेन्रिएट इशिम्वेने झिम्बाब्वेविरुद्ध सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले. पुढे त्या मुलींनी वेस्ट इंडीजलाही हरवलं. हे माहीत असलं की तिथल्या मुलींशी पहिल्याच दिवशी बोलायला विषय मिळतो. मी त्यांना आपल्या जिल्ह्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेबद्दल सांगायचे. खेड्यातली मुलगी भारताकडून खेळली हे ऐकताना त्यांचे चेहरे खुलायचे.

आता तयारी. माझं ठाम मत आहे की हे काम आधी सोलापुरात करून पाहावं आणि मगच अर्ज भरावा. आपल्या शहरासारखी शाळा दुसरीकडे मिळणार नाही. पूर्व भागातल्या मैदानावर गेलात तर निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी, अक्कलकोटकडून आलेली कन्नड बोलणारी, कुणाची आई विड्या वळते तर कुणाचे वडील टॉवेलच्या कारखान्यात. तिथे मराठीत लांबलचक भाषण दिलंत की मुलं पांगतात. आधी करून दाखवायचं, मग करून घ्यायचं आणि बोलायचं अगदी शेवटी. ही सवय एकदा अंगात मुरली की रवांडात किन्यारवांडा येत नसतानाही तुमचं अडत नाही. तिथे 'मुराहो' म्हणजे नमस्कार, 'मुराकोझे' म्हणजे आभार, 'उमुपिरा' म्हणजे चेंडू. एवढ्यावर सुरुवात होते, पुढचं मुलंच शिकवतात.

प्रशिक्षणाचा कागदही लागतो. आयसीसीचा प्राथमिक ऑनलाइन प्रशिक्षण अभ्यासक्रम मोफत आहे, त्यापासून सुरुवात करा. मोठी खेळाडू असायची गरज नाही. अंडरआर्म चेंडू टाकून पन्नास मुलांना एकाच वेळी खेळतं ठेवता आलं पाहिजे, ते जास्त अवघड आहे.

आरोग्याच्या भागासाठी सिव्हिलमधल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या समुपदेशकांना भेटा. तिथे एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त असते, आणि समुपदेशक रोज याच विषयावर बोलत असल्याने त्यांच्याकडून शब्द शिकता येतात. आपल्याकडे, विशेषतः आम्हा मुलींना, निरोध हा शब्द चारचौघांत उच्चारायची सवय नसते. ती आधी करावी लागते. शरीरसंबंध, दूषित रक्त आणि सुई, आईकडून बाळाला अशा मार्गांनी विषाणू जातो. हात मिळवल्याने, एका बाटलीतून पाणी प्यायल्याने, घामाने किंवा डास चावल्याने जात नाही. गोळ्या नियमित घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका कमी होऊ शकतो की तपासणीत सापडत नाही, आणि मग शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. एवढं झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगता आलं पाहिजे.

मैदानावर हे कसं येतं? एक खेळ सांगते. मुलांना गोल उभं करायचं, हात पाठीमागे. चेंडू पाठीमागूनच एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि मधला मुलगा चेहरे पाहून ओळखतो की तो कुणाकडे आहे. बहुतेक वेळा चुकतो, सगळे हसतात. मग स्थानिक प्रशिक्षक एवढंच विचारतो, 'चेहऱ्यावरून कळलं का?' मुलं ओरडतात, 'ओया!' म्हणजे नाही. 'मग एचआयव्ही कसा कळेल?' उत्तर मुलांकडूनच येतं: तपासणी. अर्ध्या मिनिटात बोलणं संपतं आणि खेळ पुढे चालू.

दुसरा खेळ यष्टी राखण्याचा. यष्टी म्हणजे आपलं शरीर, चेंडू म्हणजे विषाणू, बॅट म्हणजे आपल्याला असलेली माहिती आणि घेतलेली काळजी. बॅट काढून घेतली की काय होतं ते मुलांना लगेच दिसतं. मात्र एक पथ्य कसोशीने पाळा: कुठल्याही मुलाला 'तू विषाणू' असं म्हणू नका. त्या घोळक्यात कुणीतरी रोज गोळ्या घेणारं असू शकतं आणि ते कोण हे तुम्हाला कळणार नाही, कळायचं कारणही नाही. कुणाला खरचटून रक्त आलं तर सगळ्यांना एकच नियम: हातमोजे, जखम धुणं, पट्टी. लहान मुलांपुढे बोलणं फक्त भीती काढण्याबद्दल, आजारी मित्राला खेळात घेण्याबद्दल. निरोध आणि तपासणी हा विषय मोठ्या मुलांपुढे, तोही स्थानिक प्रशिक्षकाच्या तोंडून.

स्थानिक प्रशिक्षकावर मी एवढा भर का देते? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. ते तिथली भाषा शिकले, तिथेच संसार थाटला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला ऐन तरुण वयात तिथेच गेले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक आपण येता-जाता पाहतो. ते वर्षानुवर्षं राहिले, आपण दोन-तीन आठवडे जाणार. आपण परत फिरल्यावर त्या शाळेत पुढच्या सोमवारी चेंडू कोण टाकणार, तर तिथला शिक्षक. म्हणून पहिले काही दिवस तुम्ही सत्र घ्या, नंतर त्याला पुढे करा आणि स्वतः चेंडू गोळा करा. मला या प्रवासात सगळ्यात जास्त आनंद कशाने झाला असेल तर किगालीतल्या एका तरुण शिक्षिकेने पाठीमागच्या चेंडूचा खेळ स्वतः बदलून, आमच्यापेक्षा सरस करून घेतला त्याने.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टसाठी पुण्याला धाव घ्यायची गरज नाही, सोलापुरातही टपाल कार्यालयात केंद्र आहे. मुलांबरोबर काम असल्याने पोलीस पडताळणीचा दाखला मागतात, तोही पासपोर्टच्याच संकेतस्थळावरून काढता येतो. व्हिसाच्या बाबतीत संस्थेकडून लेखी विचारा की स्वयंसेवेसाठी कोणता चालतो. पीतज्वराची लस मात्र फक्त अधिकृत केंद्रावर मिळते, आणि ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. पूर्व आफ्रिकेतून परतताना या लसीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या.

खर्च बहुतेक वेळा आपला आपणच उभा करायचा असतो: तिकीट, विमा, संस्थेची वर्गणी. मला शहरातल्या एका टॉवेल व्यापाऱ्याने आणि क्लबमधल्या पालकांनी मदत केली. मागताना कशासाठी किती लागणार याचा कागद करून नेला की लोक विश्वासाने देतात.

सामान भरताना शेंगाचटणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. रवांडात २००८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. डब्यात भरा. किगाली सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडून गेलेल्यांना पहिले दोन-तीन दिवस धावताना दम लागतो. डोंगरउताराची गावं आहेत, चेंडू घरंगळत गेला की आणायला वेळ जातो, म्हणून प्रत्येक गटाला जास्तीचे चेंडू द्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी 'उमुगांडा' असतो, सगळा देश श्रमदान करतो. त्या वेळी सत्र ठेवू नका, फावडं घेऊन सामील व्हा. ७ एप्रिलपासून नरसंहाराच्या स्मरणाचा आठवडा असतो, तेव्हा जाणं टाळा. आणि कुणालाही 'तुम्ही हुतू की तुत्सी' असं कधीही विचारू नका, नरसंहार याच भेदावरून झाला होता.

मुलांना पैसे, खाऊ, वैयक्तिक भेटी देऊ नका. बॅट-चेंडू द्यायचे तर शाळेला किंवा तिथल्या क्रिकेट संघटनेला द्या. संमतीशिवाय फोटो नको, आणि मैदानाशेजारी एचआयव्ही तपासणीचा तंबू असेल तर तिथे फोन खिशातच राहू द्या.

परतल्यावर डॉक्सीसायक्लिन ही हिवतापाची प्रतिबंधक गोळी चालू असेल तर ती पुढे चार आठवडे घ्यायची असते, मध्येच सोडू नका. ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेहून आल्याचं आधी सांगा आणि हिवतापासाठी रक्त तपासून घ्या. मग १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाला एखादी शाळा तुम्हाला बोलावेल. भाषणाऐवजी मैदान आणि तासभर वेळ मागून घ्या, तेलुगू बोलणारी एखादी मोठी मुलगी सोबत न्या, आणि जाताना शाळेच्या फलकावर १०९७ हा एचआयव्ही-एड्ससाठीचा मोफत मदतक्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.