स्प्रेडशीटवर केऑस आणि फ्रॅक्टल कसे पाहावेत

केऑस म्हणजे नियम ठरलेला असूनही अंदाज न येणारं वागणं, आणि फ्रॅक्टल म्हणजे ज्याच्या भागातही पूर्ण आकाराची छोटी प्रत दिसते असा आकार. या विषयाची सुरुवात करायला कलन (कॅल्क्युलस) लागत नाही. गुणाकार येत असला आणि हाताशी एखादी स्प्रेडशीट असली की भागतं. समीकरण एकच: नवा क्ष = आर × क्ष × (१ − क्ष). क्ष हा दर पावलाला बदलणारा आकडा, आर हा आपण ठरवलेला. शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतल्या लेखात याच साध्या समीकरणाचं गुंतागुंतीचं वागणं मांडलं होतं. क्ष ० ते १ मध्ये ठेवा आणि आर जास्तीत जास्त ४.

१. पहिला स्तंभ. डी१ मध्ये आर म्हणून २.८ लिहा, ए१ मध्ये ०.३. ए२ मध्ये =$डी$१*ए१*(१-ए१) हे सूत्र टाकून २०० ओळी खाली ओढा. डॉलरचं चिन्ह लिहायचं राहून गेलं तर ए३ पासून सगळे शून्य येतात, कारण सूत्र रिकाम्या डी२ कडे सरकतं.

२. आर बदलत जा. २.८ ला आकडे ०.६४२९ वर स्थिरावतात. ३.२ ला ०.५१३० आणि ०.७९९५ आलटून पालटून येतात, ३.५ ला चार आकडे फिरतात. बरोबर ३ मात्र टाळा. तिथे स्थिरावणं इतकं संथ असतं की १००० पावलांनंतरही लागोपाठच्या दोन आकड्यांत सुमारे ०.०१५ चं अंतर उरतं आणि नसलेलं चक्र दिसू लागतं.

३. केऑस. आर ४ करा. बी१ मध्ये ०.३००००००००१ लिहा, म्हणजे फरक दहाव्या दशांश स्थळी पडेल. तेच सूत्र बी स्तंभासाठी ओढा. सी स्तंभात दोघांची वजाबाकी. फरक सरासरीने दर पावलाला दुप्पट होतो, म्हणून तिसाव्या-पस्तिसाव्या ओळीच्या आसपास दोन्ही स्तंभांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. यात यदृच्छा कुठेच नाही, प्रत्येक आकडा सूत्राने ठरलेला आहे. ०.२५, ०.५ किंवा ०.७५ ने मात्र सुरुवात करू नका: ०.५ वरून १ आणि मग कायमचं शून्य, बाकी दोन ०.७५ वरच अडकतात. आणखी एक गंमत: सूत्र आर × (क्ष − क्ष²) असं लिहिलं तर बीजगणित तेच, पण पन्नास-साठ ओळींनंतर उत्तरं वेगळी. संगणक सुमारे सोळाव्या अंकाला आकडा तोडतो, तेवढंही पुरतं.

४. द्विभाजन आलेख, म्हणजे आर वाढताना एका रेषेच्या दोन फांद्या कुठे होतात ते दाखवणारं चित्र. नव्या पानावर ए स्तंभात आर २.८ ते ४, दर ०.००५ ला एक ओळ. बी स्तंभात सगळीकडे ०.३. सी१ मध्ये =$ए१*बी१*(१-बी१), मग उजवीकडे ४०० स्तंभ आणि शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढा; स्तंभ कमी पडले तर आधी वाढवून घ्या. विखुरलेला आलेख काढताना ए आणि शेवटचे १०० स्तंभच निवडा. सुरुवातीचे स्तंभ घेतले तर स्थिरावण्याआधीचे ठिपके चित्र गढूळ करतात. रेषा बंद, ठिपका सर्वांत लहान, रंग एकच.

फांद्या ३, ३.४४९५, ३.५४४१ आणि ३.५६४४ ला फुटतात. लागोपाठच्या अंतरांचं गुणोत्तर काढा: ४.७५, मग ४.६६. हे पुढे ४.६६९२ कडे जातं, तो फायगेनबाउम स्थिरांक.

५. फ्रॅक्टल. आता फक्त ए स्तंभ बदला: ३.८२ ते ३.८६, दर ०.०००२ ला. ३.८२८४ पाशी धुकं फाटून तीन रेषा दिसतील. उभा अक्ष ०.४४ ते ०.५६ करा. मधल्या रेषेला पुन्हा तशाच फांद्या फुटतात: पूर्ण आलेखाची छोटी प्रत, फक्त उलटी. कडा पुसट दिसल्या तर ४०० ऐवजी १००० स्तंभ घ्या, आलेखात शेवटचे १०० च.