पॉइंट गार्ड व्हायचंय? आधी बॉलकडे बघणं बंद करा

बास्केटबॉलमध्ये बॉल पुढे नेऊन चाल रचणारा खेळाडू म्हणजे पॉइंट गार्ड, पण टीममधला सगळ्यात बुटका पोरगा म्हणजे पॉइंट गार्ड असं बरेच जण धरून चालतात. मग्सी बोग्स 5 फूट 3 इंचाचा होता हे खरंय, पण एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) 14 सीझन टिकला तो बुटका होता म्हणून नाही, बॉल सांभाळता यायचा म्हणून.

तर सुरुवात कच्च्या हातापासून, म्हणजे ज्या हाताची सवय कमी आहे त्या हातापासून. रोज 15-20 मिनिटं फक्त त्याच हाताने ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटत राहणं), बॉल गुडघ्याच्या वर येऊ द्यायचा नाही आणि मान वर. समोर मित्राला उभं करा, तो बोटं दाखवेल, तुम्ही ड्रिबल न थांबवता आकडा ओरडायचा. पहिले काही दिवस बॉल पायावर आपटून भलतीकडेच जाणार, जाऊ दे. स्टीव्ह नॅश कॉलेजात असताना टेनिसचा बॉल ड्रिबल करत हिंडायचा, पुढे 2005 आणि 2006 ला लागोपाठ एनबीएचा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला.

आता पिक अँड रोल, म्हणजे तुमचा गडी तुमच्या डिफेंडरची वाट अडवतो (हाच स्क्रीन) आणि मग वळून बास्केटकडे धावतो (हा रोल), खरी मजा इथेच आहे. तुमचा उंच गडी स्क्रीन लावतो तेव्हा घाई करू नका, तो नीट उभा राहिला की मगच निघा आणि जाताना तुमचा खांदा त्याच्या कमरेला घासला पाहिजे, मध्ये फट राहिली की तुमचा डिफेंडर तिथूनच घुसतो. सुटलात की नजर समोरच्या उंच डिफेंडरच्या पायांवर. तो तुमच्यावर चालून आला तर रोल करणाऱ्याला टप्पा पास (बॉल जमिनीवर एकदा आपटून), मागेच राहिला तर स्वतः शॉट मारा. पास देण्याआधी त्या माणसाकडे टक लावून बघितलंत तर बॉल गेलाच म्हणून समजा.

घड्याळाचं भान पण तुम्हालाच ठेवायचंय, 8 सेकंदांत हाफ कोर्ट पार आणि 24 च्या आत शॉट, बाकीचे चौघं बघत नसतात.

आणि शरीर जपा हो. जॉन स्टॉकटनला 1984 च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) 16 व्या नंबरवर घेतलं, सगळे 19 सीझन यूटा जॅझकडूनच खेळला, 15,806 असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होतं ते), आणि एवढ्या वर्षांत मॅच चुकल्या फक्त 22. तो रोज कोर्टवर हजर होता म्हणून तर एवढा आकडा झाला, त्यामुळे घोटा दुखत असताना हिरोगिरी नको.

मॅच झाल्यावर पॉइंट्स नंतर मोजा, आधी वहीत असिस्ट आणि टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल समोरच्या टीमला गमावणं) लिहा. एका टर्नओव्हरमागे दोन असिस्ट जमत नसतील तर परत त्या कच्च्या हाताकडे.