टेबल सॉवरच्या या चुका टाळा: भागांची नावं पाठ असून चालत नाही

नवा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडची करवत, खोक्यातून निघाला की ब्लेडमागची वाकडी पोलादी पट्टी सगळ्यात आधी काढून फडताळात टाकली जाते. कारण एकच, "ती मध्ये येते." ती रिव्हिंग नाइफ. मध्ये येणं हेच तिचं काम आहे.

ब्लेडचे पुढचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र वर येत असतात. उभा, म्हणजे रेषांच्या दिशेने, काप घेताना फळीतला ताण सुटतो, चीर मागे मिटते आणि लाकूड मागच्या दातांना चिकटतं. ते दात फळी उचलतात आणि थेट तुमच्या पोटाकडे फेकतात. हाच किकबॅक. १० इंची ब्लेड मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दाताच्या टोकाचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. उलट, फळीला टेकवलेला हात तिच्याबरोबर ब्लेडकडे ओढला जातो.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या शेडमध्ये हे घडतं ते बहुतेक पावसाळ्यात. अर्धवट वाळलेली फळी, नाइफ काढलेली, मागे ओढायला एक पोरगा. अर्ध्या कापावर मोटरचा आवाज जड होतो. खरं तर तिथेच स्विच बंद करायचा आणि ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत फळी दाबून धरायची. पण घाई असते, म्हणून आणखी जोर लावला जातो आणि फळी उडते.

नाइफ बसवूनही लाकूड अडकत असेल तर दोष नाइफचा नाही, जोडी चुकलेली आहे. नाइफ ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि कर्फपेक्षा, म्हणजे दातांनी खाल्लेल्या रुंदीपेक्षा, पातळ लागते. २.५ मिमीच्या नाइफपुढे २.४ मिमी कर्फचं स्वस्त ब्लेड लावलं तर फळी नाइफवर अडकणारच. अशा वेळी ब्लेड बदला, नाइफ काढू नका. नाइफ आणि ब्लेडच्या दातांमधलं अंतर ३ ते ८ मिमी ठेवा. काही सॉवर ब्लेडमागे स्प्लिटर नावाची पट्टी असते, ती वेगळी; ती ब्लेडबरोबर खालीवर होत नाही.

दुसरी चूक म्हणजे फेन्स (ब्लेडला समांतर बसणारी आधाराची पट्टी) आणि माइटर गेज (टेबलाच्या खाचेत सरकणारा आडव्या कापाचा आधार) एकाच कापाला वापरणं. एकसारखे तुकडे हवेत म्हणून फळी गेजला धरायची आणि तिचं टोक फेन्सला टेकवायचं. कापलेला तुकडा फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये सापडतो, किंचित तिरका होतो आणि उडतो. त्याऐवजी फेन्सवर, ब्लेडच्या बऱ्याच अलीकडे, २५ मिमीचा ठोकळा क्लॅम्प करा. माप ठोकळ्यापासून घ्या. काप सुरू होण्याआधीच फळी ठोकळ्याला सोडून पुढे गेलेली असली पाहिजे.

कापाच्या कडेला जळाल्याचे काळे डाग दिसले की लोक ब्लेडला धार लावायला धावतात. आधी ब्लेड माइटर गेजच्या खाचेला समांतर आहे का ते तपासा. प्लग काढा, एका दातावर खूण करा आणि माइटरच्या खाचेपासून त्या दाताचं अंतर पुढे मोजा. मग तोच दात फिरवून मागे आणा आणि परत मोजा. दात तोच हवा, कारण ब्लेड थोडं वाकडं असलं तर वेगळा दात वेगळं माप देतो. ब्लेड खाचेला समांतर झालं की मगच फेन्स खाचेला लावून घ्या. फेन्सचं मागचं टोक ब्लेडकडे झुकलेलं मुळीच चालत नाही.

कर्फचा हिशेब न धरणारे तर रोज भेटतात. ३.२ मिमीचा कर्फ म्हणजे साधारण एक सूत. १२२० मिमी रुंदीच्या प्लायमधून ३०५ च्या चार पट्ट्या निघत नाहीत. तीन कापांत ९.६ मिमी भुसा होतो आणि शेवटची पट्टी २९५ वर येते. चारही सारख्या हव्या असतील तर ३०२ धरा. फेन्सपासून माप घेताना टेप पत्र्याला लावू नका, फेन्सकडे झुकलेल्या दाताच्या टोकाला लावा.

उभ्या कापाला २४ दात, प्लाय आणि आडव्या कापाला ६० ते ८०. प्लायचा चांगला चेहरा वर. हातमोजे नकोत. पट्टी अरुंद असेल तर पुश स्टिक, म्हणजे लाकूड पुढे ढकलायची काठी, हवीच, आणि ती हाताशी ठेवलेली हवी. जुन्या पॅलेटच्या लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवा, एक खिळा कार्बाइडचे दात उडवतो.

हातातला सर्क्युलर सॉ प्लायखाली उलटा आवळून, त्याचा ट्रिगर तारेने बांधून टेबल सॉ करू नका. नाइफ नाही, गार्ड नाही आणि लाकूड अडकलं की बंद करायला प्लगपर्यंत वाकायचं. ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावणं त्याहून वाईट. चार-पाच इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो आणि लाकडाच्या अनेक ब्लेडवर लिहिलेली मर्यादा त्याच्या खाली असते. तो आकडा ब्लेडवरच छापलेला असतो, विकत घेताना दुकानातच वाचा.